पाण्याच्या कारखान्याला संगमरवर कशाला?

टोरांटोत ओंटारिओ सरोवराकाठचे आर. सी. हॅरिस जलशुद्धीकरण केंद्र पाहायला जाणाऱ्याला प्रथम राजवाड्याचाच भास होतो: बाहेर आर्ट डेको शैलीचा डौल, आत संगमरवरी दालने. बांधकाम १९३२ मध्ये, ऐन महामंदीत सुरू झाले आणि १९४१ मध्ये केंद्र चालू झाले. अशा दिवसांत हा थाट म्हणजे उधळपट्टी, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. साध्या शेडमध्ये गाळलेले पाणीही तितकेच शुद्ध असते. मात्र इथे सौंदर्याने उपयुक्ततेवर कुरघोडी केलेली नाही. सरोवराचे पाणी आजही इथेच गाळून, निर्जंतुक करून शहराला पुरवले जाते. जलवाहिन्या जमिनीखाली असतात, म्हणून पालिकेचे हे सर्वांत मोलाचे काम नागरिकांना दिसतच नाही. ते दिसले, तर त्याची किंमत कळते आणि निगा राखण्याचा आग्रहही धरला जातो. या हिशेबात संगमरवर महाग ठरत नाही.