परसातली चूल



मागल्या वर्षी आईला घेऊन मी तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेलो होतो. खोकला हटत नव्हता आणि विहिरीपर्यंत गेले तरी तिला धाप लागत होती. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?" मी म्हटले, "कोणी नाही." तेव्हा ते आईकडे वळले. "मग स्वयंपाक कशावर करता?" आई म्हणाली, "चुलीवर. लग्न होऊन आले तेव्हापासून." डॉक्टर म्हणाले, "आजी, विडी तुम्ही ओढली नाही, पण धूर मात्र पंचेचाळीस वर्षं ओढलात."

ते वाक्य माझ्या मनाला लागले. पोरांना मी कॉलेजात शिकवतो, आणि माझ्याच घरातला हा धूर मला कधी दिसला नाही!

तुम्ही म्हणाल, प्राध्यापकाच्या घरी गॅस नाही का? आहे. चहा, दूध, आल्यागेल्याचे पोहे त्यावर होतात. पण दोन वेळच्या भाकरी आणि अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच. कारण उघड आहे. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतातून येतात. सिलिंडरला रोकड मोजावी लागते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोचला, ही मोठी गोष्ट झाली. तरीही गावोगाव चूल पेटतेच आहे. सगळा स्वयंपाक गॅसवर होईल तो सुदिनच. पण तोवर जी चूल पेटणार आहे, तिने घरच्या माणसाचा जीव तरी घेऊ नये. म्हणून आम्ही ती घरातून उचलून परसात नेली. ते कसे केले आणि त्यात कुठे चुकलो, तेच आज सांगतो.

आधी धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड तापले की त्यातून जळाऊ वायू निघतात. ते पेटले म्हणजे जाळ, आणि न पेटता निसटले म्हणजे धूर. थोडक्यात, धूर म्हणजे वाया गेलेले सरपण. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा शंभरातला दहा-पंधरा भागच भांड्याला लागतो. बाकीची वाऱ्यावर जाते. धुरातले बारीक कण तर केसाच्या जाडीहून कितीतरी लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. स्वयंपाकघरातल्या अशा धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चाले, तिथली मगनचूल जुन्या मंडळींना ठाऊक असेल. १९५३ साली हैदराबादचे एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. पुढे १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि २००२ पर्यंत चालला. चुली पुष्कळ वाटल्या गेल्या, पण पुष्कळ मोडल्याही. धुराडे काजळीने तुंबले, ते साफ कोणी करायचे हे कोणी सांगितले नाही; चुलीचे तोंड लहान, घरातली परात मोठी. जी भाकरी थापणार तिला न विचारता चूल बांधली, की अशी गत होते. म्हणून पहिला नियम हा की, जागा, उंची आणि भांड्यांचे माप घरच्या बाईला विचारून ठरवावे. आमच्या आईला खाली बसून थापायची सवय, म्हणून आम्ही वीतभर उंचीचा बसका ओटा केला. गुडघे दुखत असतील तर कमरेइतका उंच ओटा बरा.

जागा निवडताना वाऱ्याकडे पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेला छातीइतकी आडभिंत घालावी आणि निदान दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चारी बाजूंनी तट्ट्या लावल्या, तर घरातलाच धूर परसात आणून कोंडल्यासारखे होईल. कडब्याची गंजी, गोठा आणि कुडाची भिंत यांपासून चूल चांगली लांब असावी.

आमची पडवी आठ फूट लांब, सहा फूट रुंद आहे. खांब गावच्याच बांबूचे, वर तीन पत्रे. आडभिंतीला पडक्या खोलीच्या जुन्या विटा कामी आल्या. ओट्यावर शहाबादी फरशीचा एक तुकडा टाकला. पत्रे, धुराड्याचा नळ आणि गवंड्याची दोन दिवसांची मजुरी मिळून साडेपाच हजार रुपये गेले. चुलीला स्वतःला एक पैसाही लागला नाही.

ती आईनेच घातली. चाळलेली चिकण माती, शेण आणि गव्हाचा भुसा कालवून चार दिवस भिजवला, रोज तुडवला. पुढे एक तोंड, मागे वैल. सरपण घालायचे तोंड सहा इंच रुंद. आत तळापासून तीन बोटे वर जुन्या सळ्यांची जाळी बसवली, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून लागते. चुलीतून वैलाकडे चार इंची वाट आणि वैलाच्या मागे धुराडे. सावलीत दहा-बारा दिवस वाळू दिली, भेगा लिंपल्या, आणि मग पहिला जाळ अगदी मंद केला. घाई केली तर चूल तडकते.

धुराडे धूर ओढते कसे? तापलेली हवा हलकी होऊन नळातून वर चढते. तिची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून नवी हवा आत शिरते. ही ओढ टिकवायची तर वाट कुठे फुटकी नको. भांडे तोंडावर नीट बसले पाहिजे, आणि वैलावर काही ठेवले नसेल तर त्यावर झाकण हवे. तोंडात लाकडे कोंबली की हवा अडते आणि धूर उलटा बाहेर येतो.

इथे माझी चूक सांगतो. चार पैसे वाचवायला मी नळ आखूड घेतला. तो पत्र्याच्या कडेपर्यंत जेमतेम पोचत होता. पश्चिमेचा वारा सुटला की पत्र्यावरून वळून खाली येई आणि सगळा धूर आईच्या तोंडावर! ती म्हणाली, "तुझ्या शहाणपणापेक्षा माझे तीन दगड बरे होते." मग नळ पत्र्याच्या वर तीन फूट चढवला आणि पाऊस शिरू नये म्हणून टोपी बसवली. नळ जाड पत्र्याचा घ्यावा, प्लॅस्टिकचा कधीही नको. महिन्यातून एकदा, चूल गार असताना, काठीला चिंधी बांधून काजळी काढावी. हे काम घरातल्या पुरुषाने आपल्या अंगावर घ्यावे. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे.

सरपणाचे म्हणाल, तर ओले लाकूड हा निम्मा रोग आहे. त्यातले पाणी उकळण्यातच आच खर्ची पडते, जाळ गार राहतो आणि धूर दाटतो. लाकूड मनगटाएवढे फोडून उन्हाळ्यात वाळवावे आणि मृगाच्या आत आडोशाला रचावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की ठणठणीत आवाज आला पाहिजे. रास दगडांवर उचलून ठेवावी आणि हात घालण्यापूर्वी काठीने ठोकावी, कारण सापाविंचवाला ती जागा फार आवडते. डाळी-कडधान्ये आधी भिजवावीत आणि भांड्यावर झाकण ठेवावे. सरपण निश्चित कमी लागते.

आणखी दोन शब्द सावधगिरीचे. रॉकेल ओतून चूल पेटवू नये. जवळ पाण्याची बादली असावी. नायलॉनची साडी नेसून जाळापुढे बसू नये. तान्हे मूल मांडीवर घेऊन स्वयंपाक तर नकोच, मग चूल बाहेर असली तरी. चूल परसात गेली म्हणजे धूर संपला असे नव्हे. पुढ्यात बसलेल्या माणसाला तो थोडाबहुत लागतोच. मोकळी जागा, धुराडे आणि सुके सरपण ही तिन्ही जमली, तरच खरा फरक पडतो.

शिक्षक मित्रहो, हा धडा वर्गात सहज दाखवता येईल. एका खोक्याच्या वरच्या बाजूला दोन भोके पाडून पुठ्ठ्याच्या दोन रुंद नळ्या उभ्या करा. एका नळीखाली छोटी मेणबत्ती लावा, खोके नीट बंद करा आणि दुसऱ्या नळीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर खाली आत शिरेल आणि मेणबत्तीच्या नळीतून वर निघेल. खोके पुठ्ठ्याचे असते, तेव्हा मेणबत्तीपाशी तुम्ही स्वतः उभे राहा. मग मुलांना विचारा, "तुमच्या घरचा धूर कुठून निघतो?" घरी जाऊन ती आढ्याकडे बघतील. आढे काळे असेल, तर आईच्या छातीचे काय झाले असेल हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्या आईची धाप पुरती गेलेली नाही. इतक्या वर्षांचा धूर एका पडवीने धुऊन निघत नाही. खोकला मात्र उणावला आहे, आणि संध्याकाळी तुळशीकडे तोंड करून ती भाकरी थापते तेव्हा तिचे डोळे कोरडे असतात. शेजारच्या काकूही परवा ओट्याचे माप घेऊन गेल्या. काजळी कोण काढणार, हे मात्र मी त्यांच्या मुलालाच बोलावून सांगितले.