जर्मन भाषेंतील शब्दयोगी अव्ययें

परभाषेचें व्याकरण म्हटलें म्हणजे बहुतेक विद्यार्थ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. आणि त्यांतही जर्मन भाषेचें नांव निघालें कीं, पुष्कळजण तिच्या वाटेसच जात नाहींत. ही भीति बव्हंशीं निराधार आहे. त्या भाषेचा जो भाग फार अवघड समजला जातो, तो शब्दयोगी अव्ययांचा भाग मराठी व थोडें संस्कृत जाणणाऱ्या मेडशीच्या मुलास उलट सोपा जावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आपली मातृभाषा पाहूं. ‘घर’ या नामास ‘समोर’ हें अव्यय जोडतांना आपण ‘घरासमोर’ असें म्हणतों. ‘शाळा’ याचें ‘शाळेजवळ’ होतें. अव्यय जोडतांना नामाचें रूप बदलतें. यासच सामान्यरूप म्हणतात. जर्मन भाषेंतही असेंच घडतें. भेद मुख्यतः दोन. एक, तेथें अव्यय नामाच्या आधीं येतें. दुसरा, बदल बहुधा नामांत न होतां त्याच्या आधींच्या ‘डेर’, ‘डी’, ‘दास’ या लहान शब्दांत होतो. हे शब्द आपल्या तो, ती, तें यांप्रमाणें नामाचें लिंग दाखवितात.

आतां कोणत्या अव्ययापुढें कोणती विभक्ति, हा प्रश्न. संस्कृत शिकणारांस तो नवा नाहीं. ‘सह’ म्हटलें कीं तृतीया, ‘नमः’ म्हटलें कीं चतुर्थी, हें आपण पाठ करतोंच. जर्मन भाषेंत विभक्ति चारच आहेत: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठी. ‘डुर्ख’ (मधून), ‘फ्यूर’ (साठीं), ‘गेगेन’ (विरुद्ध), ‘ओने’ (विना) व ‘उम’ (भोंवतीं) यांस द्वितीया लागते. ‘आउस’ (आंतून), ‘बाय’ (जवळ), ‘मिट’ (सह), ‘नाख’ (कडे, नंतर), ‘झाइट’ (पासून), ‘फोन’ (पासून, चा) व ‘त्सू’ (कडे) यांस चतुर्थी लागते.

खरी मौज पुढें आहे. ‘इन’ (आंत), ‘आउफ’ (वर), ‘उंटर’ (खालीं), ‘हिंटर’ (मागें), ‘फोर’ (पुढें) इत्यादि नऊ अव्ययें दोन्ही विभक्ति घेतात. ‘पुस्तक टेबलावर आहे’ येथें ‘आउफ डेम टिश’ अशी चतुर्थी. परंतु ‘मी पुस्तक टेबलावर ठेवितों’ येथें ‘आउफ डेन टिश’ अशी द्वितीया. मराठींत ‘शाळेंत आहों’ आणि ‘शाळेंत जातों’ यांतील ‘शाळेंत’ एकच. पण संस्कृतांत पहिल्या ठिकाणीं ‘शालायाम्’ व दुसऱ्या ठिकाणीं ‘शालाम्’ येतें. जर्मन भाषाही असाच भेद राखते: ‘इन डेर शूले’ व ‘इन डी शूले’. ‘कोठें?’ याचें उत्तर असेल तर चतुर्थी, ‘कोठवर जाऊन पोहोंचलें?’ याचें उत्तर असेल तर द्वितीया, एवढें ध्यानांत ठेवावें. मात्र केवळ हालचाल पाहून फसूं नये. बागेंतल्या बागेंत फिरणारा मनुष्य चालत असला तरी बागेंतच आहे. म्हणून तेथें चतुर्थीच.

कोणी म्हणेल, एका अक्षराचा एवढा बाऊ कशास? इ. स. २०२४ मध्यें महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्य यांच्यांत कुशल कामगार पाठविण्याविषयीं करार झाला. आपल्या खेड्यांतील मुलगी उद्यां तेथील रुग्णालयांत परिचारिका झाली, तर औषध ‘फोर डेम एस्सेन’ म्हणजे जेवणाआधीं द्यावयाचें कीं ‘नाख डेम एस्सेन’ म्हणजे जेवणानंतर, हें तिला अचूक कळलेंच पाहिजे. शब्द लहान, पण त्यावर रोग्याचें हित अवलंबून.

परभाषा म्हणून भिणारांनीं कीलहॉर्न या जर्मन पंडिताचें स्मरण करावें. ते इ. स. १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनीं शोधून छापलेली आवृत्ति विद्वन्मान्य झाली. त्यांस आपलें व्याकरण साधलें. मग आपणांस त्यांचें कां साधूं नये?

विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना कीं, अव्यय सुटें पाठ करूं नये. नामासह पाठ करावें. ‘मिट डेम बुस फोन मेडशी नाख अकोला’, म्हणजे बसनें मेडशीहून अकोल्यास, असें आपल्याच गांवचें एकेक वाक्य रोज रचावें, आणि मोठ्यानें म्हणावें. आईबापांनीं तें ऐकून घ्यावें, अर्थ विचारावा. महिनाभरांत तीस वाक्यें होतील, आणि नियमांची भीति आपोआप नाहींशी होईल.