दात कच्चे, की भेट उशिरा?

सुरतेतल्या उधन्याच्या यंत्रमाग पट्ट्यात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांत, इतर कुठल्याही मराठी घराप्रमाणे, ‘आमच्या घराण्यातच दात कच्चे’ हे वाक्य ऐकू येतं. ते सरसकट खोटं नाही. दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, जन्मतःच सदोष असण्याचा आनुवंशिक विकार असतो. पण तो विरळा. एरवी घराण्यातून दातांइतक्याच सवयीही उतरतात: घोटाघोटाने गोड चहा, सकाळची मशेरी. गोडामुळे तोंडातला पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती परत भरते, पण तिला दोन चहांमध्ये उसंत हवी.

खरा घात करते ती खुर्चीची भीती. घाबरणारा ठणका लागेपर्यंत थांबतो. तोवर कीड दातातल्या नसेपर्यंत पोचते, आणि सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही. म्हणजे उशिरा गेल्यामुळेच जास्त दुखतं, आणि भीती खरी ठरते! ‘पाळी बुडवून जायचं कसं?’ हा आक्षेप रास्तच; पण लहान खड्डा बहुधा एका बैठकीत भरला जातो, रूट कॅनॉलला अनेकदा जास्त खेपा आणि वर कॅपचा खर्च. दात खरोखरच कच्चे असतील, तर लवकर जाणं अधिकच निकडीचं. पहिल्या खेपेला नुसती तपासणी मागावी, भीती आधीच सांगावी, हात वर केला की थांबायचं हे डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने घासल्यावर फेस थुंकावा. चूळ भरू नये.