परमिट, पेटंट आणि अफवा : डिस्ने वर्ल्डमध्ये पुढे काय येणार हे फॅन्स कसं ओळखतात?

२०२४ च्या जूनमध्ये न्यू जर्सीहून वहिनीचा फोन आला. "भाऊजी, डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना ऑरलँडोला न्यायचं म्हणतोय. पण इकडे सगळे म्हणतायत डिस्नेचं पाचवं पार्क येणार आहे. एवढा खर्च करायचा तर मग दोन वर्षं थांबू का?"

मला थीम पार्कच्या बातम्या वाचायचा नाद आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण त्या "सगळे म्हणतायत" मागे नेमकं काय असतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण यातली बरीचशी भाकितं हवेतून येत नाहीत, सरकारी कागदांतून येतात. कुठल्या कागदावर किती विश्वास ठेवायचा, एवढंच ओळखता आलं पाहिजे.

हा खेळ १९६५ पासून चालू आहे

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ कुणीतरी गुपचूप हजारो एकर दलदलीची जमीन विकत घेत होतं. कागदोपत्री नावं भलत्याच कंपन्यांची होती. रीडी क्रीक रँच कॉर्पोरेशन, लॅटिन अमेरिकन डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट कॉर्पोरेशन, अशी. एका कंपनीचं नाव तर आयफोर, म्हणजे शेजारून जाणाऱ्या आय-४ हायवेवरून केलेली कोटी! गावात तर्क सुरू झाले. कुणी म्हणे मोटारींचा कारखाना येणार, कुणी म्हणे विमानांचा.

ऑर्लँडो सेंटिनेल या वृत्तपत्राच्या एमिली बावर या पत्रकार कॅलिफोर्नियात डिस्नेलँडला गेल्या असताना त्यांनी वॉल्ट डिस्नेंनाच विचारलं, जमीन तुम्ही घेताय का? डिस्नेंनी नाही म्हटलं, पण फ्लोरिडाबद्दल त्यांना इतकी बारीक माहिती होती की बावरना संशय आला. ऑक्टोबर १९६५ मध्ये त्यांच्या पेपरने छापून टाकलं की गूढ खरेदीदार डिस्नेच आहे. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरांनी दुजोरा दिला.

तोपर्यंत सुमारे २७,००० एकर, म्हणजे जवळपास ११० चौरस किलोमीटर जमीन साधारण ५० लाख डॉलरमध्ये हातात आली होती. बातमी फुटल्यावर आजूबाजूच्या जमिनीचे भाव कित्येक पटींनी चढले. म्हणजे अशा तर्कांना पहिल्यापासूनच पैशांची किंमत आहे. कंपनी लपवते ती उगाच नाही, आणि लोक शोधतात तेही उगाच नाही.

पाण्याचं परमिट : नकाशा इथे सापडतो

फ्लोरिडात सरकारी कागद लोकांना बघता येतील असा पक्का कायदा आहे. त्यामुळे कंपनी कितीही मोठी असली, तरी सरकारी परवानगी मागितली की काही ना काही उघड होतंच.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे पाण्याचं परमिट. हा भाग मुळात दलदलीचा आणि भरपूर पावसाचा. तिथे इमारत किंवा रस्ता केला की जमीन झाकली जाते आणि पाणी मुरायचं बंद होतं. मग ते पाणी कुठे जाणार, कुठल्या तळ्यात साठणार, हे साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट या संस्थेला आधी दाखवावं लागतं. ते दाखवायचं म्हणजे आराखडा जोडावा लागतो. त्यात राइडचं नाव नसतं, पण इमारतीची बाह्यरेषा, रस्ते आणि तळी दिसतात.

फॅन्स मग ती बाह्यरेषा सध्याच्या राइड्सच्या इमारतींशी ताडून बघतात. एवढी मोठी, खिडक्या नसलेली पेटी म्हणजे आतली राइड असणार. ही छोटी, मागच्या बाजूला ट्रक उभा करायची जागा असलेली म्हणजे हॉटेल किंवा स्वयंपाकघर. या अंदाजाला बऱ्यापैकी आधार असतो. पण आत कुठलं पात्र असेल, हे परमिट कधीच सांगत नाही. ते फॅन्स स्वतः भरतात आणि तिथेच चुकतात.

कामाची नोटीस : आता पैसे खर्च होणार

दुसरा कागद म्हणजे 'नोटीस ऑफ कमेन्समेंट', काम सुरू करत असल्याची नोटीस. बांधकामात मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली दहा छोटे ठेकेदार असतात. त्यांचे पैसे बुडू नयेत, मालमत्तेवर हक्क सांगता यावा, म्हणून मालक कोण, जागा कुठली आणि ठेकेदार कोण, हे काउंटीच्या दफ्तरात नोंदवावं लागतं.

यात कामाचं वर्णन मुद्दाम मोघम असतं. "बांधकामासाठी मजूर आणि साहित्य पुरवणे", बस्स. पण ठेकेदाराचं नाव असतं. तो ठेकेदार फक्त नकली खडक आणि डोंगर बनवणारा असेल, तर तिथे काय उभं राहणार ते कळायला फार डोकं लागत नाही. शिवाय ही नोटीस म्हणजे प्रत्यक्ष खर्चाची तयारी. म्हणून पुरावा म्हणून हिचं वजन जास्त.

आकाशातून पाहणारे

काही हौशी लोक छोट्या विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून फोटो काढतात. डिस्ने वर्ल्डवर २००३ पासून उड्डाणावर निर्बंध आहे. साधारण ३ सागरी मैलांच्या वर्तुळात ३,००० फुटांखाली उडता येत नाही. म्हणून वरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने फोटो काढावे लागतात. खोदलेला खड्डा, उभं राहिलेलं लोखंड, राइडचा रूळ, सगळं दिसतं.

उंचीचीही एक गंमत आहे. अमेरिकेत २०० फुटांहून उंच बांधकाम करायचं तर विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं आणि वर लाल दिवा लावायची वेळ येते. परीकथेतल्या किल्ल्यावर लुकलुकता लाल दिवा कसा दिसेल? म्हणून डिस्नेचा एव्हरेस्ट आणि टॉवर ऑफ टेरर दोन्ही २०० फुटांच्या जरासे आत थांबतात. त्यामुळे ३०० फुटी डोंगर येणार अशी अफवा आली, की जुने फॅन्स लगेच मान हलवतात.

पेटंट आणि ट्रेडमार्क : इथे जपून

सगळ्यात जास्त बातम्या पेटंटवर होतात आणि सगळ्यात कच्चा पुरावाही तोच. अमेरिकेत पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी जाहीर होतो. म्हणजे आपण वाचतो ती कल्पना तोवर जुनी झालेली असते. आणि पेटंट म्हणजे ही कल्पना आमची आहे एवढंच. ती आम्ही बांधतोय असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. डिसेंबर २०२१ मध्ये डिस्नेला एक पेटंट मिळालं. चष्मा न लावता, पाहुण्याच्या हालचालीनुसार आजूबाजूच्या वस्तूंवर त्रिमितीय चित्रं उमटवण्याचं. पार्कमध्ये मेटाव्हर्स येणार म्हणून गाजावाजा झाला. कंपनीने मात्र सांगितलं की ते वापरायचा सध्या काही बेत नाही.

ट्रेडमार्कची गोष्ट याहून मजेदार. डिस्नेचा शेजारी आणि स्पर्धक युनिव्हर्सल. त्यांनी २०१८ मध्ये 'फँटॅस्टिक वर्ल्ड्स' या नावाचा अर्ज केला. नव्या पार्कचं नाव हेच, असं फॅन्सनी जवळपास ठरवून टाकलं. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषणा झाली आणि नाव निघालं 'एपिक युनिव्हर्स'. अर्ज करायला खर्च फार नसतो. कंपनी दोन-चार नावं राखून ठेवते.

पण पूर्ण चित्र बघा. नाव चुकलं तरी पार्क येणार हा अंदाज बरोबर होता. कारण युनिव्हर्सलने २०१५ मध्येच ४७५ एकर जमीन घेतली होती. फॅन्सचा पाया जमिनीचा होता, तो पक्का निघाला. कळस ट्रेडमार्कचा होता, तो ढासळला. एपिक युनिव्हर्स २२ मे २०२५ ला उघडलं.

मग पाचव्या पार्कचं काय?

डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठी पार्क आहेत. मॅजिक किंग्डम १९७१, एपकॉट १९८२, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ आणि अॅनिमल किंग्डम १९९८. त्यानंतर पाचवं नाही. म्हणून ही चर्चा कधी थांबतच नाही.

जून २०२४ मध्ये डिस्ने आणि तिथलं स्थानिक मंडळ, सेंट्रल फ्लोरिडा टुरिझम ओव्हरसाइट डिस्ट्रिक्ट, यांच्यात करार झाला. येत्या १० ते २० वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक, आणि पाचव्या मोठ्या पार्कला परवानगी. वहिनीपर्यंत पोचलेली बातमी ही.

इथे एक शब्द नीट वाचायचा : परवानगी. आपल्याकडे प्लॉटवर सात मजल्यांची मंजुरी असली म्हणजे मालक सात मजले बांधतोच असं नाही. उद्या गरज पडली तर पुन्हा दारोदार फिरायला नको, म्हणून मंजुरी घेऊन ठेवतात. डिस्नेच्या आधीच्या विकास आराखड्यातही पाचव्या पार्कची तरतूद होतीच. तीच पुढे आली.

माझा स्वतःचा तर्क असा, की कंपनी आधी आहे त्या पार्कमध्येच भर घालेल. नवं पार्क म्हणजे नवं पार्किंग, नवे रस्ते, वीज, हजारो माणसं. जुन्या पार्कमध्ये यातलं बरंचसं तयार असतं. दोन महिन्यांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये डी२३ या फॅन संमेलनात घोषणा झाल्या, त्या याच दिशेच्या होत्या. मॅजिक किंग्डममध्ये खलनायकांचा विभाग आणि 'कार्स'चा विभाग, अॅनिमल किंग्डममध्ये 'एन्कांटो' आणि इंडियाना जोन्स. पाचवं पार्क नाही.

गंमत म्हणजे २०२२ च्या संमेलनात कंपनीनेच काही कल्पना "असं झालं तर?" या स्वरात मांडल्या होत्या. त्यांचा हिशोब असा. खलनायक : बरोबर. एन्कांटो : आलं, पण दुसऱ्याच पार्कमध्ये. कोको : थेट कॅलिफोर्नियाला गेलं. झूटोपिया : विभागाऐवजी एक शो झाला. म्हणजे खुद्द कंपनीची चित्रंसुद्धा दोन वर्षांत एवढी बदलतात.

पक्क्या घोषणेचंही तसंच. एपकॉटमधली मेरी पॉपिन्सची राइड २०१९ मध्ये जाहीर झाली, पुढच्या वर्षी बाजूला पडली. रिफ्लेक्शन्स नावाचं हॉटेल २०१८ मध्ये जाहीर झालं, काम सुरू होऊन २०२० मध्ये थांबलं आणि कित्येक वर्षांनी नवं नाव घेऊन परत आलं.

माझ्या पायऱ्या

कुठलीही बातमी आली की मी ती या पायऱ्यांवर ठेवून बघतो. वर जावं तसा विश्वास वाढतो.

१. "आतल्या माणसाने सांगितलं" : करमणूक म्हणून वाचा.
२. पेटंट, ट्रेडमार्क : कंपनी विचार करतेय, एवढंच.
३. जमीन खरेदी, विकास करार : शक्यता आहे, तारीख नाही.
४. अधिकृत घोषणा : इरादा आहे, पण बदलू शकतो.
५. आराखड्यासह पाण्याचं परमिट : जागा आणि आकार ठरत आलाय.
६. कामाची नोटीस : पैसे निघाले.
७. उभं राहिलेलं लोखंड : आता मागे फिरणं महाग.

आणि सातव्या पायरीनंतरही दोन-तीन वर्षं धरा. ट्रॉनची राइड २०१७ मध्ये जाहीर झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये उघडली. हीच सवय घर घेतानाही कामाला येते. ब्रोशरमधला स्विमिंग पूल आणि महारेराच्या साइटवर नोंदवलेला आराखडा यातलं काय आधी बघायचं, ते तुम्हाला माहीत आहेच.

वहिनीला मी त्या दिवशी सांगितलं, "वहिनी, पाचवं पार्क तिसऱ्या पायरीवर आहे. धाकटा आज नऊ वर्षांचा आहे. ते पार्क कधी उघडलंच, तर तोवर तो आपल्या मित्रांबरोबर जाईल. तुम्ही आत्ता जा." ते डिसेंबरमध्ये जाऊन आले. मॅजिक किंग्डममधल्या नदीत चालणाऱ्या जुन्या बोटीत बसले, पलीकडच्या टॉम सॉयर बेटावर पोरांनी धुमाकूळ घातला.

'कार्स'च्या विभागासाठी ती नदी, ती बोट आणि ते बेट जुलै २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. नवीन काय येणार याचे तर्क आपण सगळेच करतो. त्या जागी आज काय आहे, हेही त्याच नकाशात बघायला हवं.

तुम्ही कधी नव्या गोष्टीची वाट बघत सहल पुढे ढकललीय का? कमेंटमध्ये नक्की सांगा.