गंगादशहरा आणि काली बेईंची सेवा

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंत गंगादशहऱ्याचा उत्सव. कायिक तीन, वाचिक चार आणि मानसिक तीन अशा दशविध पापांचे हरण करणारी, म्हणून ती दशहरा. परंतु भाविक वाचकहो, जी आपले पाप हरण करते, त्या नदीचा मळ कोणी हरण करावा?

या प्रश्नाचे उत्तर पंजाबातील सुलतानपूर लोधी या नगरात मिळते. आपल्या नामदेवरायांची पदे ज्या ग्रंथसाहिबात पूज्य मानली आहेत, त्या शीख परंपरेचे हे क्षेत्र. येथील काली बेईं नामक छोट्या नदीत गुरू नानकदेव स्नानास उतरले आणि तिसऱ्या दिवशी ईश्वरी साक्षात्कार घेऊन बाहेर आले, अशी श्रद्धा आहे. सुमारे १६० किलोमीटर लांबीची ही पुण्यसरिता कालांतराने काठच्या शहरांच्या आणि खेड्यांच्या सांडपाण्याने नासली, जलपर्णीने झाकली गेली. माथा टेकणारे उदंड होते. पाण्यात उतरणारा कोणी नव्हता.

२००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल स्वतः त्या घाणीत उतरले आणि हातांनी जलपर्णी उपसू लागले. गुरूचा पदस्पर्श झालेले पाणी साधू उपसतो आहे, हे पाहून गावकरी सरसावले. या श्रमांना त्यांनी ‘कारसेवा’ म्हटले. गाळ निघाला, घाट बांधले गेले, काठाने वृक्ष लागले. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तेथे जाऊन हे कार्य पाहिले.

तथापि केवळ उपसण्याने नदी शुद्ध होत नाही. मळ येतो ती वाट वळवावी लागते. सीचेवाल गावात सांडपाणी भूमिगत नळांतून नेऊन त्यातील गाळ खड्ड्यांत बसवतात, ते तळ्यात निवळू देतात आणि मग शेताला देतात. नदीचा मळ टळला आणि शेतकऱ्याला पाणी मिळाले. पुढेही अधूनमधून सांडपाणी शिरून मासे मेल्याचे प्रसंग आले. देवपूजेप्रमाणे हीही नित्यसेवाच आहे, एका दिवसाचे उद्यापन नव्हे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकण्याचा, थुंकण्याचा स्पष्ट निषेध आहे. हे मी अनेकांना शिकविले. आणि कीर्तन संपल्यावर गळ्यातील हार त्याच हातांनी प्रवाहात सोडत आलो! एका वर्षी घाटाच्या पायरीशी कुजलेल्या हारांचा ढीग पाहिला. त्यात माझाही हार असेल, या विचाराने मान खाली गेली. तेव्हापासून तो हार बागेतल्या खड्ड्यात जातो आणि त्याचे खत तुळशीला मिळते.

या दशहऱ्यात दीप अवश्य लावावा. परंतु त्याआधी प्रत्येक गृहस्थाने एकच विचारावे: माझ्या घरची मोरी कोठे जाऊन मिळते? उत्तर ‘नदीला’ असेल, तर आळीतील चार घरे एकत्र येऊन ती वाट वळविणे, हेच आपले दशहरास्नान. गंगामाई आपल्याकडे एवढीच ओवाळणी मागते आहे.