बोट लागणे : पहिल्या समुद्रप्रवासाची पूर्वतयारी

समुद्रपर्यटनाचा बेत ठरतो त्या दिवशी घरात केवढा उत्साह असतो! पण प्रवासाची तारीख जवळ येऊ लागली की सामान बांधता बांधता कोणीतरी विचारतेच, "बोट लागली तर?" आणि ज्या घराचे मूळ कोकणात आहे तेथे आणखी एक प्रश्न बहुधा मनातच राहतो : "बोट बुडाली तर?" पहिला प्रश्न शरीराचा आहे, दुसरा मनाचा. दोहोंची उत्तरे निरनिराळी आहेत. ती एकमेकांत मिसळली म्हणजेच धास्ती अकारण वाढते.

प्रथम शरीराचा विचार. गाडी लागते, बोट लागते, ऊन लागते, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्यामुळे दोष बोटीचा, अथवा फार तर पोटाचा, अशी समजूत होते. वस्तुतः या विकाराचा उगम कानात आहे. कानाच्या अगदी आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मस्तक कोणत्या दिशेने वळले हे त्या सांगतात. त्यांच्याजवळच दोन इवल्या पिशव्या असतात. शरीर वर गेले की खाली, कलले की सरळ आहे, याची वर्दी त्या देतात. जहाजाच्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे मेंदूस सांगतात की भिंत, पलंग, मेज सारे स्थिर आहे. त्याच क्षणी कान सांगतात की आपण वर-खाली होत आहोत. या परस्परविरोधी साक्षींचा मेळ न बसल्यामुळे मळमळ, घाम, जांभया आणि अखेर ओकारी हा क्रम सुरू होतो, असे शास्त्रज्ञ मानतात. ज्यांच्या अंतर्कर्णाचे हे कार्य पूर्णपणे नष्ट झालेले असते त्यांना बोट लागत नाही, हा या उपपत्तीचा मोठाच पुरावा होय. सुमारे पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारी संथ हालचाल सर्वांत अधिक त्रास देते, असेही प्रयोगांती आढळले आहे.

यास्तव बोट लागणे हे भित्रेपणाचे लक्षण खचित नव्हे. इंग्लंडचा विख्यात दर्यासारंग नेल्सन यास जन्मभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 या काळात 'बीगल' जहाजावर होता; त्यालाही या विकाराने अखेरपर्यंत सोडले नाही, तरी त्याचे कार्य अडले नाही. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास क्वचितच होतो. त्यापुढे सुमारे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो सर्वांत अधिक होतो.

कारण कळले की उपाय आपोआप सुचतात. झोक्याच्या फळीचे टोक उंच जाते, मध्य फारसा हलत नाही. जहाजाचेही तसेच आहे. म्हणून खोली जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी. अस्वस्थ वाटू लागताच डेकवर जाऊन क्षितिजावर दृष्टी ठेवावी. मग डोळ्यांची व कानांची साक्ष जुळू लागते. डेकवर जाणे शक्य नसेल तर डोळे मिटून, डोके न हलविता उताणे पडावे. पुस्तक अथवा मोबाइल त्या वेळी हाती घेऊ नये. पोट अगदी रिकामे ठेवू नये व तुडुंबही भरू नये. तळकट पदार्थ व मद्य वर्ज्य करावे. आल्याच्या तुकड्याने अनेकांना बरे वाटते. मात्र त्याच्या गुणाविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

औषधांचीही सोय आहे. डायमेनहायड्रिनेट या औषधाची परीक्षा 1948 साली एका अमेरिकन सैनिकवाहू जहाजावर झाली, आणि तेव्हापासून ते जगभर वापरात आहे. मेक्लिझिन, सिनारिझिन हीही त्याच कामाची. मुख्य गोष्ट ही की गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही. या औषधांनी झोप येते. काचबिंदू अथवा लघवीस अडथळा असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि मुलांना औषध देऊ इच्छिणाऱ्या पालकांनी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. एरवी दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू डोलणाऱ्या जहाजाला सरावतो.

आता मनाचा प्रश्न. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. कुलाबा जिल्ह्यातील कित्येक घरांत ती आठवण पिढ्यान् पिढ्या राहिली. अशा घरातील वडीलधाऱ्यांच्या भीतीला हसणे योग्य नव्हे. परंतु समुद्रानेच माणसाला सावधगिरीचे नियमही शिकविले आहेत. 'टायटॅनिक' 1912 साली बुडाल्यावर 1914 मध्ये सागरी सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. 2012 साली इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' उलटली, त्यानंतर नियम अधिक कडक झाले. आंतरराष्ट्रीय प्रवासास निघणाऱ्या अशा जहाजावर नव्या प्रवाशांना संकटकाळची कवाईत जहाज सुटण्यापूर्वी अथवा सुटताच करून दाखविणे 2015 पासून बंधनकारक आहे.

ही कवाईत कंटाळवाणी म्हणून टाळू नये. आपल्या खोलीपासून एकत्र जमण्याच्या जागेपर्यंत घरातील लहानथोरांनी दोनदा चालून जावे, जाकीट कोठे आहे ते पाहून ठेवावे. काय करावयाचे हे ठाऊक असलेल्या माणसाची भीती निम्मी होते. आणि मन शांत असले की मळमळही कमी होते, हा दुहेरी लाभ.

पहिला प्रवास लहान असावा. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळलेला असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्याआधी एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जाऊन यावे. लाँच लहान असल्यामुळे मोठ्या जहाजाहून अधिक हलते. ते हेलकावे सोसले की पुष्कळ धीर येतो.

परत आल्यावर एक गंमत अनुभवास येते. धक्क्यावर पाऊल ठेवले की जमीनच डोलू लागल्याचा भास होतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. जहाजाशी जुळवून घेण्यास मेंदू शिकला होता आणि आता तो पुन्हा जमिनीची सवय करून घेत आहे, एवढाच त्याचा अर्थ.