सकाळची धावपट्टी दुपारी तीच नसते
वाळवंटातल्या मातीच्या धावपट्ट्या आणि लहान विमानं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या युटा राज्यात ग्रीन नदीने कोरलेल्या दरीच्या तळाशी मिनरल कॅन्यन नावाची मातीची एक धावपट्टी आहे. दोन्ही बाजूंना लाल खडकाच्या उंच भिंती, शेजारी नदी. कंट्रोल टॉवर नाही, दिवे नाहीत, इंधन नाही, प्यायला पाणी नाही. युटाच्या वाळवंटात अशा पट्ट्या अनेक आहेत. त्यांतल्या बऱ्याच १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधात आलेल्या लोकांनी केल्या. खाणी बंद पडल्या, पट्ट्या राहिल्या. आज हौशी वैमानिकांच्या संघटना स्वतः श्रमदान करून त्या राखतात. डेसोलेशन कॅन्यनमध्ये राफ्टिंगला जाणारे प्रवासी तर लहान विमानाने सँड वॉशच्या पठारावरच्या मातीच्या पट्टीवर उतरतात आणि तिथून पायी नदीकाठी जातात.

अशा ठिकाणी उतरणाऱ्या विमानांचे व्हिडिओ पाहिले की कुणी म्हणतं, ‘हा जिवाशी खेळ आहे’, तर कुणी म्हणतं, ‘एवढंच ना, आपणही जाऊ.’ दोघांचंही चुकतं. हे उड्डाण सुरक्षितपणे करता येतं आणि अनेक जण वर्षानुवर्षं ते करत आले आहेत. मात्र ती सुरक्षितता विमान सुरू करण्याआधी, कागदावर आणि घड्याळाकडे बघून ठरवावी लागते. वैमानिक होण्यासाठी ॲरिझोना-कॅलिफोर्नियात जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनीही पुढचे गैरसमज आधीच दूर केलेले बरे.

गैरसमज १: वाळवंट म्हणजे सपाट रान. अडचण आली तर कुठेही उतरता येईल.

वस्तुस्थिती: युटाचं वाळवंट कोलोरॅडो पठारावर आहे. मोॲब गावाजवळचा विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फुटांवर आहे. भोवती कडे, घळी, कोरडे ओढे आणि झुडपं. वरून गुळगुळीत दिसणारी वाळू चाक टेकताच रुतते आणि पुढचं चाक रुतलं की विमान नाकावर जातं किंवा उलटतं. कोरडी दिसणारी तळ्याची जमीन वरच्या पापुद्र्याखाली चिखलाची असू शकते.

दुसरं कारण निसर्गाचं आहे. या मातीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असतो. तोच मातीला धरून ठेवतो, आणि एकदा चिरडला की सावरायला वर्षानुवर्षं लागतात. राष्ट्रीय उद्यानांत तर ठरवून दिलेल्या जागेशिवाय विमान उतरवणं हा गुन्हा आहे. म्हणून जायचं ते माहीत असलेल्या पट्टीवरच. अलीकडे तिथे उतरलेल्या स्थानिक वैमानिकाशी बोलून जायचं, कारण एका पावसाने पट्टीच्या मधोमध घळ पडलेली असू शकते.

गैरसमज २: धावपट्टीची लांबी पुरेशी आहे ना? मग झालं.

वस्तुस्थिती: पट्टीची लांबी बदलत नाही, पण विमानाला लागणारी लांबी दर तासाला बदलते. पंख, पंखा (प्रोपेलर) आणि इंजिन तिन्ही हवेवर चालतात आणि तापलेली हवा विरळ असते. ही विरळता मोजायला वैमानिक ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ काढतात. आजची हवा प्रमाण वातावरणातल्या किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे, ते या आकड्यावरून कळतं.

हिशेब सोपा आहे. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते २ अंशांनी उतरतं. त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा जेवढे अंश जास्त गरम, त्या प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट मिळवायचे. मिनरल कॅन्यनची पट्टी सुमारे ३,९०० फुटांवर आहे. तिथलं प्रमाण तापमान ७ अंशांच्या आसपास येतं. जुलैच्या पहाटे १९ अंश असतील तर विमानाला ती पट्टी सुमारे ५,३०० फुटांवर असल्यासारखी वाटते. त्याच दिवशी दुपारी ३८ अंशांना तीच पट्टी ७,६०० फुटांवर गेलेली असते. एका दिवसात २,३०० फुटांचा फरक, आणि नकाशावर काहीच बदललेलं नाही!

आपल्याकडचा पडताळा हवा असेल तर पुण्याचा मे महिना घ्या. लोहगावची उंची १,९०० फुटांच्या थोडी वर. पारा ४० अंशांवर गेला की तिथल्या धावपट्टीवरची हवा कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते.

टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे त्या दुपारी मिनरल कॅन्यनमध्ये पाचव्या हिश्शाहून जास्त ताकद गेलेली असते. त्यात उड्डाणाला मिक्स्चरचा, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचा, दांडा सवयीने पूर्ण आत ठेवला तर इंधन जास्त, हवा कमी असं होऊन उरलेली ताकदही वाया जाते. अशा उंचीवर विमानाच्या पुस्तिकेप्रमाणे मिश्रण पातळ करूनच निघावं लागतं.

गैरसमज ३: जिथे उतरता आलं तिथून उडता येतंच.

वस्तुस्थिती: सगळ्यांत जास्त फसवणारी समजूत ही. सकाळच्या गारव्यात, इंधन निम्मं संपलेलं असताना, ब्रेकच्या मदतीने विमान थोडक्यात थांबतं. निघताना मात्र दुपार झालेली असते, सोबत एखादा जास्तीचा माणूस किंवा सामान असतं, आणि मऊ माती चाकांना मागे ओढत असते. उतरायला पुरली ती पट्टी आता अपुरी पडू शकते. म्हणून परतीच्या उड्डाणाचा हिशेब जाण्याआधी करायचा.

सेसना १७२ या लहान विमानाच्या पुस्तिकेत दोन आकडे शेजारीशेजारी आहेत. समोरच्या वाऱ्याच्या दर ९ नॉटला अंतर १० टक्क्यांनी कमी धरायचं, तर मागून येणाऱ्या वाऱ्याच्या दर २ नॉटलाच १० टक्क्यांनी वाढवायचं. दरीत वारा घडोघडी फिरतो, आणि मागून आलेली एवढीशी झुळूकही किती महाग पडते ते यावरून दिसतं. कोरड्या गवतावरून उडायचं असेल तर जमिनीवरच्या धावेत १५ टक्के वाढ करा, असंही ती पुस्तिका सांगते. तेव्हा मऊ मातीसाठी त्याहून मोठी वाढ धरणंच शहाणपणाचं.

वजन मात्र आपल्या हातात असतं. वजन १० टक्क्यांनी कमी केलं तर धाव साधारण २० टक्क्यांनी आखडते. दोन फेऱ्या करणं किंवा एका प्रवाशाला मागे ठेवणं हे कमीपणाचं लक्षण नाही.

पट्टी पुरेल की नाही हे ओळखायला वैमानिकांचा एक जुना नियम आहे. पट्टीच्या मध्यावर आधीच खूण ठरवायची. तिथे पोचेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर तत्क्षणी थ्रॉटल मागे घ्यायचा आणि थांबायचं. हा आकडा अंदाजपंचे नाही. एकसारख्या प्रवेगाने धावणारी वस्तू निम्म्या अंतरावर अंतिम वेगाच्या ७०.७ टक्क्यांवर असते. मध्यावर त्याहून कमी वेग असेल तर पट्टी पुरण्याची खात्री राहत नाही, आणि थांबायला अजून अर्धी पट्टी शिल्लक असते.

गैरसमज ४: गरम हवेत थोडा जास्त वेग ठेवून उतरलं की धोका टळतो.

वस्तुस्थिती: वेगमापक हवेचा दाब मोजतो, त्यामुळे विरळ हवेतही पुस्तिकेत दिलेलाच वेग ठेवायचा असतो. ७,६०० फुटांच्या डेन्सिटी अल्टिट्यूडला मापकावर ६० नॉट दिसत असताना विमान प्रत्यक्षात ६७ नॉटने जात असतं. चाक टेकताना जिरवावी लागणारी ऊर्जा समुद्रसपाटीपेक्षा पाव हिश्शाने वाढलेली असते. त्यात ‘असू दे’ म्हणून आणखी १० टक्के वेग ठेवला की ऊर्जा २१ टक्क्यांनी चढते आणि पट्टीचं टोक जवळ येतं.

याच्या उलट चूक अधिक घातक आहे. खालची जमीन नेहमीपेक्षा भरभर सरकताना दिसते, म्हणून वैमानिक नकळत वेग कमी करतो आणि जमिनीजवळच पंखांचा आधार सुटतो, म्हणजेच स्टॉल होतो. इथे डोळ्यांपेक्षा मापकावर विश्वास ठेवावा लागतो.

गैरसमज ५: दरीत अडचण वाटली तर वळून मागे येऊ.

वस्तुस्थिती: वळायला जागा लागते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रत्यक्ष वेग ९० नॉट आणि विमान ३० अंश कललेलं असेल तर मागे फिरायला सुमारे ७६० मीटर रुंदी लागते. ७० नॉटला ४६० मीटर पुरतात. जास्त कलून वळण लहान करता येतं, पण त्याचीही किंमत असते. ४५ अंशांच्या कलाला स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी.

म्हणून दरीत शिरण्याआधी वेग कमी करून ठेवतात आणि मधोमध न उडता एका बाजूने उडतात, म्हणजे वळायला दरीची पूर्ण रुंदी मिळते. पट्टीची पहिली पाहणी उंचावरून, पुरेशी जागा राखून करतात: झुडपं, दगड, ओल, जनावरं, वाऱ्याची दिशा. काही पट्ट्यांवर एका ठरावीक जागेपुढे गेलं की पुन्हा वर चढून निघता येत नाही. ती जागा आधी नक्की करायची आणि तिच्या अलीकडे सगळं मनासारखं नसेल तर वाद न घालता वर निघून जायचं.

गैरसमज ६: आकाश निरभ्र आहे, म्हणजे हवा चांगली आहे.

वस्तुस्थिती: ढग नसले तरी ऊन जमीन तापवतं. खडक एका वेगाने तापतो, वाळू आणि नदीकाठ वेगळ्या वेगाने. हवेचे वर चढणारे आणि खाली कोसळणारे झोत तयार होतात, वावटळी उठतात. दुपारी हे सगळं ऐन भरात असतं.

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य अमेरिकेतही मान्सून असतो. ढगातून पावसाचे पडदे लोंबताना दिसतात, पण थेंब जमिनीवर पोचायच्या आत वाफ होऊन जातात. दिसायला सुंदर, पण त्याखाली जाणं धोक्याचं. वाफ होताना हवा गार आणि जड होते, वेगाने खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरचा जोरदार वारा लागतो आणि काही क्षणांतच तो मागून येऊ लागतो. लहान विमानाच्या इंजिनाकडे त्यावर उपाय नसतो. म्हणून उन्हाळ्यात जाणते वैमानिक उजाडताच निघतात आणि ऊन चढायच्या आत काम आटोपतात. वेळ टळली तर संध्याकाळी हवा निवेपर्यंत थांबतात, नाहीतर तिथेच मुक्काम करतात.

गैरसमज ७: मोठ्या टायरचं खास विमान हवं.

वस्तुस्थिती: असेल तर उत्तम, पण साधी सेसना १७२ किंवा १८२ देखील बऱ्याच पट्ट्यांवर जाते. खडीवर उभं राहून इंजिन जोरात फिरवायचं नाही, कारण पंखा खडे ओढून घेतो आणि स्वतःलाच टवके पाडतो. मऊ मातीत सुकाणू मागे ओढून धरून पुढच्या चाकावरचा भार कमी करायचा. हे तंत्र पुस्तकातून पूर्ण येत नाही. अशा पट्ट्यांची सवय असलेल्या प्रशिक्षकासोबत आधी उडायलाच हवं.

गैरसमज ८: अनुभवी माणसाला काही होत नाही, आणि झालंच तर कुणीतरी शोधायला येईल.

वस्तुस्थिती: स्टीव्ह फॉसेट यांनी २००५ मध्ये विमानातून एकट्याने, न थांबता, वाटेत इंधन न घेता जगप्रदक्षिणा केली होती. ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातल्या एका रँचच्या धावपट्टीवरून ते लहान विमानातून निघाले. फ्लाइट प्लॅन दिलेला नव्हता. प्रचंड शोध होऊनही काही हाती लागलं नाही. वर्षभरानंतर कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सजवळ एका पदभ्रमण करणाऱ्याला त्यांची ओळखपत्रं सापडली आणि मग सुमारे १०,००० फुटांवर विमानाचे अवशेष मिळाले. तपास यंत्रणेचा निष्कर्ष असा, की खाली खेचणारा वारा त्या विमानाच्या चढण्याच्या क्षमतेपेक्षा जोरदार होता आणि हवेच्या विरळपणाने त्यात भर घातली. एवढ्या अनुभवानेही त्या दिवशीची हवा बदलली नाही.

यातून घ्यायचं ते हे: फ्लाइट प्लॅन द्यावा. अमेरिकेत तो दिलेला असेल आणि पोचण्याच्या वेळेनंतर अर्ध्या तासात बंद केला नाही, तर चौकशी सुरू होते. घरच्या माणसालाही वाट आणि वेळ सांगून ठेवावी. दरीत मोबाइल बहुधा लागत नाही. १२१.५ मेगाहर्ट्झवरचे जुने संकट-संदेश उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून टिपणं बंद केलं आहे, त्यामुळे विमानात किंवा खिशात ४०६ मेगाहर्ट्झचं यंत्र हवं. पाणी भरपूर घ्यावं. वजन कमी करायचं म्हणून पाणी कमी करू नये, दुसरं काहीतरी मागे ठेवावं.

या सगळ्यातून एकच गोष्ट मला ठासून सांगायची आहे. या पट्ट्यांवर उतरणं हे धाडसी माणसांचं राखीव कुरण नाही. हिशेब करणाऱ्या आणि थांबू शकणाऱ्या माणसाला तिथलं अप्रतिम जग खुलं आहे. निघण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. परतीचं उड्डाण किती वाजता आहे? तेव्हा तापमान आणि वजन किती असेल? नेम चुकला तर मागे फिरायची शेवटची जागा कोणती? उत्तरं आकड्यांत लिहून काढता आली तर निघावं. येत नसतील तर त्या दिवशी जाऊ नये, आणि सोबतच्या कुणी आग्रह केला तरी जाऊ नये.